विश्वासू कारभारी : लेफ्टनंट हेन्री बॉवर्स

दक्षिण ध्रुवाच्या शोधाची करुण कथा आपण शाळेच्या पुस्तकात कधी ना कधी वाचली असेल. १९१२ च्या जानेवारीत कॅप्टन रॉबर्ट स्कॉट आणि त्यांचे चार सोबती ध्रुवावर पोहोचले. नॉर्वेचे रोआल्ड आमुंडसेन त्यांच्याआधी महिनाभर तेथे येऊन गेले होते. परतीच्या वाटेवर त्या पाचही जणांना बर्फात मृत्यू आला. स्कॉट यांचे नाव जगाच्या स्मरणात राहिले. सोबत्यांना आपला भार होऊ नये म्हणून वादळात तंबूबाहेर निघून गेलेले कॅप्टन ओट्स यांचीही गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली जाते. पण त्या पाचांमध्ये आणखी एक जण होता. ठेंगणा, मोठ्या नाकाचा, तांबूस केसांचा आणि सदा हसतमुख. तो हिंदुस्थान सरकारच्या आरमारी सेवेतला अधिकारी होता आणि त्या सेवेचे मुख्य ठाणे आपल्या मुंबईच्या गोदीत होते. त्याच्याकडे मोहिमेचे कोठार सोपविलेले होते. बिस्किटांचे डबे, रॉकेलचे कॅन, दोर, खिळे यांचा हिशेब ठेवणे हे त्याचे काम. त्या कोठारी अधिकाऱ्याचे, लेफ्टनंट हेन्री रॉबर्टसन बॉवर्स यांचे, चरित्र आज आपल्यापुढे ठेवावयाचे आहे.

विधवेचा पुत्र

हेन्रीचा जन्म २९ जुलै १८८३ रोजी स्कॉटलंडमधील ग्रीनॉक या बंदरात झाला. त्याचे वडील कॅप्टन अलेक्झांडर बॉवर्स हे पूर्वेकडील समुद्रांत व्यापारी जहाजे चालवीत. आई एमिली विवाहापूर्वी पूर्वेकडेच मिशनरी शिक्षिका म्हणून काम करीत होती. हेन्री अगदी लहान असतानाच वडील रंगून येथे निवर्तले. पदरी दोन मुली आणि एक मुलगा घेऊन त्या विधवा मातेने इंग्लंडमध्ये संसार सावरला. घरात श्रीमंती नव्हती, पण नित्याची प्रार्थना होती, पवित्र शास्त्राचे वाचन होते आणि कष्टाची लाज नव्हती. एकुलत्या एका मुलाचे आणि आईचे नाते पुढे आयुष्यभर अतिशय घट्ट राहिले. जगाच्या कोणत्याही कोपऱ्यातून तो तिला लांबलचक पत्रे लिहीत असे. त्याच्या मनाचा ठाव आज आपल्याला लागतो तो मुख्यतः त्या पत्रांमुळेच.

वडिलांप्रमाणे समुद्रावर जावयाचे हे मुलाने लवकरच ठरविले होते. १८९७ मध्ये तो थेम्स नदीतील वुस्टर या प्रशिक्षण जहाजावर दाखल झाला. तेथील शिक्षण संपल्यावर लॉक टॉरिडन या चार डोलकाठ्यांच्या शिडाच्या जहाजावर उमेदवार म्हणून त्याने अनेक लांबच्या सफरी केल्या. शिडाचे जहाज म्हणजे कठोर शाळा. वादळात शंभर फूट उंचीवर चढून, बधिर झालेल्या बोटांनी ओले शीड गुंडाळावे लागे. जेवण बेताचे, झोप त्याहून बेताची. उंची अवघी पाच फूट चार इंच, म्हणून त्याच्याकडे पाहून कोणाला विशेष अपेक्षा वाटत नसे. पण त्या ठेंगण्या देहात थकवा ठाऊक नसलेली शक्ती होती. नाक पक्ष्याच्या चोचीसारखे, म्हणून सोबत्यांनी त्याला बर्डी हे नाव दिले आणि ते जन्मभर टिकले. कशालाही न घाबरणारा हा खलाशी कोळ्यांना मात्र फार भीत असे, ही गंमतही त्याच्याविषयी सांगतात.

हिंदी समुद्रातील नोकरी

१९०५ मध्ये बॉवर्स रॉयल इंडियन मरीन या सेवेत सब-लेफ्टनंट झाले. आज आपण ज्याला भारतीय नौदल म्हणतो त्याच्या वंशावळीतील हे एक नाव. १९३४ मध्ये या सेवेचे रॉयल इंडियन नेव्ही असे नामांतर झाले आणि १९५० मध्ये प्रजासत्ताकाबरोबर ती भारताचे नौदल झाली. बॉवर्स यांच्या काळात मात्र तिची रचना परकीय सत्तेची होती. अधिकारी सर्व गोरे. जहाजावरचे खलाशी बहुतांशी आपल्या कोकणातले, विशेषतः रत्नागिरी किनाऱ्यावरचे मुसलमान दर्यावर्दी. पहिल्या हिंदी माणसाला या सेवेत अधिकारपद मिळावयास १९२८ साल उजाडावे लागले. हे आपण विसरू नये. बॉवर्स साम्राज्याचे सेवक होते आणि त्यांच्या काळाच्या चौकटीतच वाढले होते.

या नोकरीत त्यांनी सिलोन आणि ब्रह्मदेश पाहिला. इरावती नदीवर एका सरकारी नौकेची सूत्रे त्यांच्याकडे होती. पात्र रुंद, पण वाळूचे दांडे दर पावसाळ्यानंतर जागा बदलणारे. नकाशावर विसंबून चालत नसे, रोज नव्याने पाणी मोजावे लागे. पुढे फॉक्स या युद्धनौकेवर इराणच्या आखातात चोरट्या शस्त्रव्यापाराला आळा घालण्याच्या कामी त्यांची नेमणूक झाली. आखातातील तो उन्हाळा अंगाची लाही करणारा. इतक्या उष्ण प्रदेशात राहिलेला माणूस पुढे थंडीला जुमानणार नाही, असे कोणाला वाटले असते?

याच वर्षांत त्यांच्या श्रद्धेला खोली आली. आईकडून मिळालेला विश्वास आता त्यांचा स्वतःचा झाला. पूर्वेच्या समुद्रावर एका रात्री ते डेकवर एकटेच होते. आपण या जगात कशासाठी आहोत हा प्रश्न मनाला जाळीत असताना प्रभू आपल्याजवळ आला आणि जीवनाचा हेतू त्याने उलगडून दाखविला, असे त्यांना वाटले. हा अनुभव त्यांनी आईला लिहून कळविला. चारचौघांत त्याची वाच्यता केली नाही. धर्माविषयी ते फार बोलणारे नव्हते. त्यांचा विश्वास त्यांच्या हातांतून बोलत असे.

स्कॉट यांच्या मोहिमेत

वुस्टरवरील दिवसांपासून सर क्लेमंट्स मार्कहॅम यांची बॉवर्स यांच्यावर नजर होती. हिंदुस्थानात सिंकोनाची लागवड आणणारे हेच ते गृहस्थ. लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले होते आणि स्कॉट यांचे ते पाठीराखे होते. त्यांच्या शिफारशीवरून स्कॉट यांनी बॉवर्स यांना मुलाखतीवाचूनच मोहिमेत घेतले. प्रत्यक्ष पाहिल्यावर मात्र, आता हा पदरात पडलाच आहे तर निभावून न्यावे, अशीच स्कॉट यांची पहिली भावना झाली. त्यातच टेरा नोव्हा जहाजावर रुजू होताच बॉवर्स उघड्या झडपेतून सुमारे १९ फूट खाली तळघरातील लोखंडावर पडले. काही झालेच नाही अशा थाटात ते उठले आणि कामाला लागले!

स्कॉट यांचे मत फिरावयास फार दिवस लागले नाहीत. जहाजावर हजारो वस्तू भरलेल्या होत्या. कोणती पेटी कोठे आहे, तिच्यात किती माल आहे, तिच्यावर कशाचे वजन आले आहे, हे सर्व बॉवर्स यांना तोंडपाठ असे. १९१० च्या डिसेंबरात दक्षिण महासागरात भयंकर वादळ झाले. कोळशाची भुकटी आणि तेल यांचे गोळे होऊन पंप तुंबले. जहाज पाण्याने भरू लागले. बादल्यांची साखळी करून अधिकारी व खलाशी रात्रभर पाणी उपसत राहिले. शेवटी भिंतीला भोक पाडून लेफ्टनंट एव्हन्स आणि बॉवर्स पंपाच्या विहिरीपर्यंत सरपटत गेले आणि तो गाळ त्यांनी हातांनी उपसला. जहाज वाचले. बॉवर्स यांनी मूळ योजनेप्रमाणे जहाजाबरोबर परत जावयाचे होते. स्कॉट यांनी तो बेत बदलला आणि त्यांना किनाऱ्यावरील तुकडीत ठेवून घेतले. त्यांच्यावाचून आपले चालणार नाही, हे आता त्यांना कळून चुकले होते.

१९११ च्या मार्च महिन्याच्या प्रारंभी एक कठीण प्रसंग ओढवला. बॉवर्स, चेरी-गॅरर्ड आणि खलाशी टॉम क्रीन हे चार तट्टे घेऊन गोठलेल्या समुद्रावरून परतत असताना रात्री तळाखालचा बर्फ फुटला. जाग आली तेव्हा ते तिघे एका तरंगत्या तुकड्यावर होते, एक तट्टू नाहीसे झाले होते आणि मधल्या पाण्यात शिकारी देवमासे फिरत होते. एकट्या माणसाला तुकड्यातुकड्यांवरून उड्या मारीत किनारा गाठणे अशक्य नव्हते. क्रीन तसे गेले आणि त्यांनी मदतीची हाक पोहोचविली. बॉवर्स यांनी मात्र हाती सोपविलेले प्राणी आणि सामान सोडावयाचे नाही असे ठरविले. तासन्‌तास खटपट करून त्यांनी माणसे आणि स्लेज गाड्या काठाला आणल्या. तट्ट्यांपैकी एकच जगले. पाण्यात पडलेल्या मुक्या जनावरांचे हाल संपविण्याचे कठोर काम त्यांना स्वतःच्या हाताने करावे लागले आणि त्याचा सल मनात राहिला. पुढे ध्रुवाच्या वाटेवर व्हिक्टर नावाचे तट्टू त्यांच्याकडे होते. स्वतःच्या मोजक्या शिध्यातले एक बिस्किट ते त्याला नेहमी देत. त्यालाही गोळी घालण्याची वेळ आली तेव्हा शेवटचे बिस्किट त्याला देऊनच त्यांनी निरोप घेतला.

अंधारातील यात्रा

वाचकहो, बॉवर्स यांचे अंतःकरण पाहावयाचे असेल तर ध्रुवाच्या आधीची एक यात्रा पाहावी लागते. २७ जून १९११ रोजी डॉ. एडवर्ड विल्सन, चेरी-गॅरर्ड आणि बॉवर्स हे तिघे केप एव्हन्सच्या मुक्कामावरून केप क्रोझिअरकडे निघाले. अंतर ६७ मैल. सम्राट पेंग्विन हा पक्षी ऐन हिवाळ्यात अंडी घालतो. त्या अंड्यांतील गर्भ अभ्यासावा, पक्ष्यांच्या उत्पत्तीवर प्रकाश पडेल, असा विल्सन यांचा हेतू होता. तेथे हिवाळ्यात सूर्य उगवतच नाही. तिघांनी मिळून सुमारे साडेसातशे पौंड वजन ओढावयाचे. बर्फ वाळूसारखा रखरखीत, गाड्या घसरत नसत. म्हणून एक गाडी पुढे नेऊन ठेवायची, मागे यावयाचे आणि दुसरी न्यावयाची. एक मैल पुढे जाण्यासाठी तीन मैल चालावे लागे. तपमान उणे ७७.५ अंश फॅरनहाइट, म्हणजे उणे ६० अंश सेल्सिअसच्याही खाली गेले. घामाचा बर्फ होई, कपडे पत्र्यासारखे ताठ होत, झोपण्याच्या पिशव्या श्वासाच्या बर्फाने दिवसेंदिवस जड होत गेल्या.

बॉवर्स यांच्याजवळ पिसांची एक आतली पिशवी होती. ती त्यांनी स्वतः वापरली नाही. चेरी-गॅरर्ड थंडीने सर्वांत अधिक गांजले होते. बॉवर्स ती त्यांना पुन्हा पुन्हा देऊ करीत आणि ते पुन्हा पुन्हा नाकारीत. शेवटी त्यांनी ती घेतली. दान देणारे पुष्कळ असतात. परंतु घेणाऱ्याला ओशाळे वाटू न देता, तो घेईपर्यंत धीराने देत राहणारे थोडे.

केप क्रोझिअरजवळ त्यांनी दगडांची झोपडी रचली आणि वर कॅनव्हासचे छप्पर घातले. पाच अंडी मिळाली, दोन फुटली, तीन उरली. मग वादळ आले. आधी तंबू उडाला, मागोमाग छप्परही फाटून गेले. तंबू नाही म्हणजे परतीचा मार्ग नाही, हे तिघांनाही माहीत होते. पिशव्यांत पडून, अंगावर बर्फ साचत असताना, जवळजवळ दोन दिवस ते अन्नावाचून राहिले. मधूनमधून ते भक्तिगीते गात. वाऱ्याच्या गर्जनेत एकमेकांचे शब्द कळत नसत, तरीही गात. वादळ ओसरल्यावर उताराखाली सुमारे अर्ध्या मैलावर तंबू सापडला, जवळजवळ शाबूत! त्यानंतर बॉवर्स रोज रात्री तंबूला बांधलेला दोर आपल्या अंगाशी घेऊन झोपत. तंबू पुन्हा उडालाच तर तो माझ्यासकट उडेल, असा त्यांचा साधा हिशेब होता.

१ ऑगस्ट रोजी ते तिघे मुक्कामी परतले. त्या पाच आठवड्यांत कोणाच्याही तोंडून रागाचा शब्द निघाला नाही आणि कृपा करून, आभारी आहे, हे शब्द अखेरपर्यंत गळले नाहीत, अशी साक्ष चेरी-गॅरर्ड यांनी पुढे लिहून ठेवली. वाचकहो, चार भिंतींच्या आत, पोटभर जेवून आपण एकमेकांशी कसे बोलतो, याचा विचार केल्यास ही साक्ष लहान वाटणार नाही.

पाचवा माणूस

१ नोव्हेंबर १९११ रोजी ध्रुवाची यात्रा सुरू झाली. शिधा चार-चार जणांच्या हिशेबाने बांधलेला होता. तंबू चौघांचा, स्टोव्ह आणि भांडी चौघांची. टप्प्याटप्प्याने साहाय्यक तुकड्या परत फिरावयाच्या आणि शेवटी चौघांनी ध्रुव गाठावयाचा, अशी योजना होती. बॉवर्स शेवटच्या साहाय्यक तुकडीत होते. ३१ डिसेंबरला त्या तुकडीला स्की मागे ठेवण्याचा हुकूम झाला. नंतर ४ जानेवारी १९१२ रोजी स्कॉट यांनी ऐनवेळी निर्णय बदलून बॉवर्स यांना आपल्याबरोबर घेतले. तुकडी पाचांची झाली. चौघांच्या पायांत स्की, बॉवर्स मात्र पायी! समुद्रसपाटीपासून सुमारे दहा हजार फूट उंचीवर, मऊ बर्फात पाय रुतवीत, ठेंगण्या पायांनी ते इतरांच्या बरोबरीने गाडी ओढीत ध्रुवावर गेले आणि तसेच परतले. महिनाअखेरीस स्की परत हाती लागल्या तोवर त्यांनी तीनशेहून अधिक मैल तुडविले होते. शिवाय तळ पडला की इतर जण हातपाय शेकीत आणि बॉवर्स बाहेर उभे राहून सूर्याचे कोन मोजीत, हवामानाच्या नोंदी करीत, शिध्याचा मेळ घालीत.

१६ जानेवारीला त्यांच्याच तीक्ष्ण नजरेने दूरवर एक काळा ठिपका टिपला. तो आमुंडसेन यांच्या तुकडीने रोवलेला झेंडा होता. दुसऱ्या दिवशी पाचही जण ध्रुवावर पोहोचले आणि १८ तारखेला त्यांना आमुंडसेन यांनी मागे ठेवलेला तंबू दिसला. १४ डिसेंबरलाच ते तेथे आले होते. पाचही जणांचे जे प्रसिद्ध छायाचित्र आपण पाहतो, ते बॉवर्स यांनी कॅमेऱ्याला दोरी बांधून ती ओढून घेतलेले आहे. चेहऱ्यांवर थकवा आणि निराशा स्पष्ट दिसते.

येथे एका अवघड प्रश्नाला आपण सामोरे गेले पाहिजे. बॉवर्स यांची निवड ही त्यांच्या निष्ठेची पावती होती यात शंका नाही. परंतु त्या निवडीने सर्वांचाच हिशेब बिघडला. पाच जणांचे अन्न शिजविण्यास रोज अर्धा तास अधिक लागतो, हे स्कॉट यांनी दुसऱ्याच दिवशी नोंदविले. अधिक वेळ म्हणजे अधिक रॉकेल. परतीच्या वाटेवर डेपोंमध्ये ठेवलेले रॉकेल अपेक्षेपेक्षा कमी भरले. कॅनच्या बुचांना चामड्याच्या चकत्या होत्या. त्यांतून तेल निसटून गेले होते. आमुंडसेन यांनी ही गळती आधी ओळखली होती आणि आपले कॅन झाळून बंद केले होते. ज्या माणसाने एकेक बिस्किट मोजले, त्याला न मोजता येणाऱ्या गोष्टींनी घेरले. व्यक्तीची निष्ठा कितीही मोठी असली तरी ती योजनेतील उणीव भरून काढू शकत नाही, हा धडा आपल्या संस्थांनी आणि मंडळ्यांनीही विसरू नये. एका चांगल्या माणसाच्या खांद्यावर सर्व भार टाकून आपण निश्चिंत होतो आणि तो माणूस तक्रार करीत नाही म्हणून सर्व ठीक चालले आहे असे समजतो.

शेवटचा तंबू

१७ फेब्रुवारीला बिअर्डमोर हिमनदीच्या पायथ्याशी एडगर एव्हन्स मरण पावले. त्या वर्षीचा मार्च असाधारण थंडीचा निघाला. मार्चच्या मध्यास ओट्स तंबूबाहेर गेले ते परतले नाहीत. उरले स्कॉट, विल्सन आणि बॉवर्स. वन टन डेपो या मोठ्या साठ्यापासून ११ मैलांवर, म्हणजे सुमारे वीस किलोमीटरवर, त्यांचा शेवटचा तळ पडला. शिधा दोन दिवसांचा, इंधन जेमतेम एका दिवसाचे. स्कॉट यांचा पाय निकामी झाला होता. विल्सन आणि बॉवर्स यांनी डेपोपर्यंत जाऊन इंधन आणावे असे ठरले. पण वादळाने वाट अडविली. स्कॉट यांची शेवटची नोंद २९ मार्चची आहे.

त्या तंबूत बॉवर्स यांनी आईला अखेरचे पत्र लिहिले. त्यात तक्रार नाही, कोणावर ठपका नाही. आपल्याला शांतपणे, थंडीतील झोपेसारखा शेवट येईल, असा धीर त्यांनी तिला दिला. असे सोबती लाभले याचे समाधान व्यक्त केले. दुःख एवढेच की ही वार्ता ऐकून तिला काय वाटेल. या जीवनात आणि येणाऱ्या जीवनातही आपण तिचेच पुत्र राहू आणि देव सर्व अश्रू पुसून टाकील, अशा आशेने त्यांनी पत्र संपविले. स्कॉट यांनीही मरणाच्या दारात बसून त्या मातेला वेगळे पत्र लिहिले आणि तिचा मुलगा अखेरपर्यंत आनंदी, निःस्वार्थी आणि देवाच्या दयेवर भरवसा ठेवणारा राहिला, असे तिला कळविले. पती रंगूनला गमावलेल्या त्या मातेच्या हाती आता एकुलत्या मुलाची ही दोन पत्रे आली. बॉवर्स यांचे वय तेव्हा अवघे २८ होते.

१२ नोव्हेंबर १९१२ रोजी शोधपथकाला तो तंबू सापडला. विल्सन आणि बॉवर्स आपापल्या पिशव्यांत झोपी गेल्यासारखे पडले होते, मध्ये स्कॉट. पथकाचे प्रमुख डॉ. ॲटकिन्सन यांनी दफनविधी चालविला आणि करिंथकरांस पत्रातील पुनरुत्थानाचा अध्याय वाचला. तंबू खाली ओढून त्यावर बर्फाचा ढीग रचला आणि वर स्कीचा क्रूस उभारला. पुढे १४ फेब्रुवारी १९१३ रोजी लंडनच्या सेंट पॉल्स कॅथीड्रलमध्ये स्मृत्यर्थ उपासना झाली, तिला स्वतः राजे उपस्थित होते. अंटार्क्टिकातील एका पर्वतरांगेला आज बॉवर्स यांचे नाव आहे.

व्यर्थ की फलद्रूप?

तर मग हे सर्व व्यर्थ गेले काय? ध्रुवाचा मान दुसऱ्याला मिळाला. ज्या तीन अंड्यांसाठी तिघांनी मरणाशी गाठ घातली त्यांच्यातून विशेष नवे काही निष्पन्न झाले नाही, असा निर्वाळा शास्त्रज्ञांनी १९३४ मध्ये दिला. परंतु त्या शेवटच्या तळाजवळ स्लेज गाडीवर आणखी एक ओझे मिळाले. ते म्हणजे सुमारे ३५ पौंड दगड! प्राण कंठाशी आले असतानाही ते त्यांनी टाकून दिले नव्हते. त्या दगडांत ग्लॉसॉप्टेरिस या प्राचीन वनस्पतीच्या पानांचे ठसे होते. हीच पाने आपल्या मध्य भारतातील खडकांत सापडतात. नागपूरचे मिशनरी आणि भूशास्त्रज्ञ रेव्ह. स्टीफन हिस्लॉप यांनी एकोणिसाव्या शतकातच नागपूरच्या परिसरातून अशा पानांचे नमुने जमविले होते. बर्फाच्या खंडात आणि विदर्भाच्या मातीत एकच पान आढळावे! एके काळी ही भूमी जोडलेली होती, या सिद्धांताला त्या ठशांनी बळ दिले. त्या प्राचीन महाखंडाला आज गोंडवन म्हणतात. आपल्या गोंड प्रदेशावरूनच ते नाव पडले. बॉवर्स यांनी ठेवलेल्या हवामानाच्या नोंदीही शास्त्रज्ञ आजपर्यंत अभ्यासीत आले आहेत. त्या नोंदींवरूनच त्या वर्षीची थंडी किती विलक्षण होती हे जगाला समजले.

वाचकहो, प्रभूने आपल्या दाखल्यांत मोठमोठ्या विजेत्यांची उदाहरणे फारशी दिली नाहीत. दुसऱ्याच्या मालाचा हिशेब ठेवणारे कारभारी, धनी घरी नसताना दिवा विझू न देणारे चाकर, हीच माणसे त्याने पुढे आणली. बॉवर्स त्या जातीचे होते. आपल्या मंडळीतही असा कोणी असेल. वर्षानुवर्षे जमाखर्च चोख लिहिणारा खजिनदार, मिशन रुग्णालयाच्या भांडारात औषधांच्या बाटल्या मोजणारी परिचारिका, वसतिगृहातील मुलांना जेवू घालून उरलेले आपण खाणारी मावशी. वार्षिक सभेत त्यांचे नाव निघेलच असे नाही. त्यांच्या कष्टांचे फळ कोणत्या मातीत, किती वर्षांनी दिसेल हेही त्यांना ठाऊक नसते. त्यांना एकटे सोडू नका. त्यांच्या ओझ्याला आपला खांदा लावा. आणि तो कारभार आपल्याच वाट्याला आला असेल, तर ज्याने तो सोपविला त्याच्या वहीत एकही बिस्किट हिशेबाबाहेर राहत नाही, हे ध्यानात ठेवून आजचे काम आज नीट करू या.